मासे मेल्यावरच कळावे काय?

उन्हाळ्यात पंचगंगेचे पात्र आटू लागले, की तेरवाडच्या बंधाऱ्यापाशी मेलेल्या माशांचा खच पडल्याची बातमी येते. मग पंचनामा होतो, निवेदने दिली जातात, छायाचित्रे छापून येतात. पहिला पाऊस पडला, की सारे शांत. जयसिंगपूर ते नृसिंहवाडी या पट्ट्यात राहणाऱ्या आम्हां मंडळींच्या हे इतके अंगवळणी पडले आहे, की पाण्याची तपासणी आम्ही जणू माशांवरच सोपवली आहे.

मासे मरतात ते पाण्यातील प्राणवायू संपल्यामुळे. माणसाला मारणारे पाणी मात्र पुष्कळदा नितळ असते. 2012 च्या उन्हाळ्यात इचलकरंजीत काविळीची साथ आली. शेकडो लोक आजारी पडले, काही दगावले. सांडपाणी पिण्याच्या पाण्यात मिसळल्याने पसरणारी ही ‘ई’ प्रकारची कावीळ. गरोदर स्त्रियांना ती विशेष घातक. विषाणू शरीरात शिरल्यापासून डोळे पिवळे होईपर्यंत पंधरा ते साठ दिवस जाऊ शकतात. म्हणजे रुग्ण दवाखान्याची पायरी चढतो, तेव्हा गुन्हेगार पाणी केव्हाच वाहून गेलेले असते! त्या पाण्याविषयी साक्ष देईल अशी एकच वस्तू मागे उरते, रोजच्या तपासणीची नोंदवही. तीच महिनाअखेरीस एका बैठकीत, एकाच शाईने भरलेली असेल, तर दाद कोणाकडे मागायची?

तपासणी खर्चिक असते, हा युक्तिवाद मला मान्य नाही. प्रयोगशाळेतील जंतुपरीक्षेला एक-दोन दिवस लागतात, हे खरे. परंतु नळाच्या पाण्यात ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकले, की क्लोरीन उरले आहे की नाही, हे पिवळ्या रंगावरून तेथल्या तेथे कळते. लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन शेवटच्या नळापर्यंत उरावे, असे भारतीय मानक सांगते. शेवटच्या नळापर्यंत, टाकीखालच्या नळाशी नव्हे! कारखान्याची रसायने किंवा उसाच्या रानातून झिरपलेले नायट्रेट या परीक्षेत दिसत नाहीत. त्यांसाठी प्रयोगशाळा हवीच. पण कालपर्यंत असलेले क्लोरीन आज एखाद्या गल्लीत नाहीसे झाले, तर जलवाहिनीत कोठेतरी मैला शिरला असावा, अशी शंका घ्यायला तेवढे पुरे.

नळपट्टी थकवणाऱ्यांची नावे फळ्यावर लावण्यात आपल्या स्थानिक संस्था मुळीच संकोच करीत नाहीत. त्याच फळ्यावर, त्याच खडूने, आज कोणत्या गल्लीतील पाणी तपासले आणि त्यात काय आढळले, हे लिहिण्यास कोणाची हरकत आहे?