जाझ : बँडवाल्यांच्या भाऊबंदांचे संगीत

जाझ हा शब्द कानावर पडला की आपल्या वस्तीतला माणूस म्हणतो, ते बड्या हॉटेलातले, सुटाबुटातल्या लोकांचे संगीत. आपल्याला त्यातले काय कळणार? शहाद्याच्या एका तरुण वाचकानेही आम्हाला हेच विचारले. त्याच्या निमित्ताने आज सर्वांसाठीच चार शब्द.

जाझचा जन्म बड्या हॉटेलात झाला नाही. अमेरिकेच्या दक्षिणेला न्यू ऑर्लिन्स हे बंदर आहे. तेथे गुलाम म्हणून आणलेले काळे लोक रविवारी काँगो चौकात जमून ढोल वाजवीत, नाचत. १८६५ साली गुलामगिरी कायद्याने संपली, अपमान मात्र संपला नाही. कष्टकऱ्यांची दुःखाची गाणी, चर्चमधली समूहगीते आणि मिरवणुकीतला पितळी बँड यांच्या मिलाफातून १९०० च्या सुमारास हे संगीत आकाराला आले. आपल्या नंदुरबार-तळोद्याच्या वरातीतले ट्रंपेट आणि क्लॅरोनेट हीच जाझचीही वाद्ये! पण जाझची पहिली रेकॉर्ड १९१७ साली निघाली, ती गोऱ्या वादकांच्या बँडची. घाम एकाचा, नाव दुसऱ्याचे, हा प्रकार आपल्याला नवा नाही.

आता ऐकावे कसे? सुरुवातीला सगळे मिळून एक चाल वाजवतात, ती लक्षात ठेवावी. मग एकेक वादक पुढे येतो आणि त्याच चालीच्या आधाराने आयत्या वेळी सुचेल तसे वाजवतो. बाकीचे त्याला साथ देतात. कव्वालीच्या सामन्यात कव्वाल उभ्या उभ्या जोड देतो, तसेच हे. शेवटी सगळे मूळ चालीवर परततात. एक-दोन-तीन-चार मोजताना आपण एकवर जोर देतो; जाझमध्ये टाळी बहुधा दोन आणि चारवर पडते, म्हणून त्याला झोका येतो. इंग्रजी येत नसले तरी बिघडत नाही, कारण पुष्कळ जाझमध्ये शब्दच नसतात.

सुरुवात लुई आर्मस्ट्राँगपासून करावी. १९०१ साली अत्यंत गरीब घरात जन्मलेला हा मुलगा कोळशाच्या गाडीवर राबला, सुधारगृहात कॉर्नेट शिकला आणि जगप्रसिद्ध झाला. १९५७ साली लिटल रॉक गावी काळ्या मुलांना शाळेच्या दारात अडवले, तेव्हा त्याने राष्ट्राध्यक्षांना जाहीरपणे सुनावले आणि सरकारतर्फे होणारा रशियाचा दौरा नाकारला. कलावंत किती ताठ उभा राहू शकतो, हे मुलांना अवश्य सांगावे.

आणि जाझ आपल्या घरात कधीच आलेले आहे! पुणतांब्याचे सी. रामचंद्र यांनी ते हिंदी चित्रपटात आणले. त्यांच्या जोडीला गोव्याचे ट्रंपेटवादक चिक चॉकलेट होते. त्यांना भारताचा आर्मस्ट्राँग म्हणत. १९५१ सालचा 'अलबेला' आठवतो ना? त्याचे नायक भगवानदादा म्हणजे गिरणी कामगाराचा मुलगा. १९५७ च्या 'आशा'तले 'ईना मीना डीका' तर घरोघर पोचले. अर्थ नसलेल्या अक्षरांनी गाण्याची ही जाझचीच रीत. अशा गाण्यांमागे राबणाऱ्या कितीतरी गोवेकर वादकांची नावे मात्र पडद्यावर आली नाहीत.

म्हणून आमचे एक सांगणे आहे. डीजेच्या दणदणाटात आपल्याकडचे बँड मागे पडत चालले आहेत. बँडवाला सगळ्यांच्या शेवटी जेवतो, त्याचे नाव कोणी विचारीत नाही. पुढच्या लग्नात क्लॅरोनेटवाल्याला म्हणा, "दादा, फर्माईश राहू द्या, तुमच्या मनचे एक वाजवा." ते नीट ऐका, त्याचे नाव विचारा आणि त्याला पहिल्या पंगतीत बसवा. जाझची ओळख तेथूनच सुरू होईल.