टंकलेखिकेचे गाणे

‘ज्याला गाता येत नाही तो शिकवण्या करतो’ असे म्हणणाऱ्या शहाण्यांनी अमेरिकेच्या शीला जॉर्डनकडे पाहावे. चार्ली पार्करच्या सॅक्सोफोनने झपाटलेली ही जॅझ गायिका. १९६२ साली तिने पहिली ध्वनिमुद्रिका गायली. दुसरीसाठी १९७५ उजाडले! मधल्या काळात मुलीला वाढवण्यासाठी बाई न्यूयॉर्कच्या कचेरीत टाइपरायटर बडवीत होती. (आणि आम्ही रसिक! कलावंताने नोकरी धरली की नाक मुरडतो.) स्वतःच्या आयुष्याचेच तिने गाणे रचले. १९७८ पासून सिटी कॉलेजात शिष्यांचे गळे घडवले. राष्ट्रीय ‘जॅझ मास्टर’ सन्मान आला २०१२ साली, वयाच्या ८३ व्या वर्षी. २०२५ मध्ये ९६ व्या वर्षी ती वारली, आणि त्याच वर्षी तिची नवी ध्वनिमुद्रिका निघाली होती.