उन्हाळ्यात घेतलेला प्लॉट

विदर्भात घराचे आणि प्लॉटचे सौदे बहुतेक उन्हाळ्यात होतात. कापूस, तूर, चणा विकून हाती पैसा आलेला असतो, मुलांना नव्या सत्रापासून शहरातल्या शाळेत घालायचे असते, आणि पाऊस लागण्याआधी रजिस्ट्री उरकावी असे घरातल्या मोठ्यांना वाटते. नेमकी याच दिवसांत हिंगणघाटची वणा नदी सर्वांत दुबळी असते. पुलावरून पाहिले तर रेती, खडक आणि मधोमध पाण्याची धार, एवढेच दिसते. काठाजवळचा प्लॉट दाखवणारा दलाल त्या धारेकडे बोट दाखवून म्हणतो, पाणी इथवर येत नाही. एप्रिल महिन्यात ते खोटे मानायला डोळ्यांसमोर काही पुरावा नसतो.

पुरावा जुना आहे आणि लिहून ठेवलेला आहे. एकोणिसाव्या शतकातल्या मध्य प्रांताच्या गॅझेटियरमध्ये हिंगणघाटचे दोन भाग वेगळे सांगितले आहेत. एक जुने गाव, ज्याच्या काही भागांत पावसाळ्यात नदीचे पाणी पसरते. दुसरे नवे, रुंद रस्ते आखून वसवलेले. कापसाच्या व्यापाराने गाव मोठे होत होते तेव्हाच नदी कुठवर येते हे माहीत होते. पुढे रेल्वे आली, सूतगिरण्या उभ्या राहिल्या, 2011 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या एक लाखाच्या वर गेली. रोज कामावर, बाजारात, स्टेशनवर पायी जावे लागणाऱ्या माणसाला परवडेल अशी जागा जिथे उरली होती तिथे त्याने घर बांधले, आणि अशी जागा बहुधा सखल भागातच उरलेली असते. त्याला दोष देता येत नाही. ज्याने शेताचे तुकडे पाडून ती जागा विकली आणि ज्यांनी ते होऊ दिले, त्यांना मात्र देता येतो.

जुलै 2022 मध्ये वणेचे पाणी शहराच्या नदीकाठच्या वस्त्यांत शिरले आणि लोकांना घरांतून बाहेर काढावे लागले. त्यानंतर महिनाभर त्या भागात प्लॉटची चौकशी करायला कोणी गेले नसेल. पण आठवण फार टिकत नाही. दोन-तीन कोरडे पावसाळे गेले की भाव पुन्हा चढतो. वणा ज्या वर्धेला मिळते तिच्या खोऱ्यात याहून भीषण उदाहरण आहे. 30 जुलै 1991 च्या पहाटे वर्धा नदीच्या पुराने नागपूर जिल्ह्यातले मोवाड उद्ध्वस्त झाले आणि दोनशेहून अधिक माणसे गेली. वर्धेच्या काठावरच्या पुलगावला, धामेच्या काठावरच्या पवनारला, वणेच्या काठावरच्या हिंगणघाटला मोवाड परके नाही.

पूर म्हणजे नदीचा काठ ओलांडून समोरून येणारे पाणी, असे आपण समजतो. दाट वस्तीत ते अनेकदा मागून येते. वणेवर वरच्या अंगाला, नागपूर जिल्ह्यात, वडगावचे धरण आहे आणि नांद नदीवर नांदचे. ती भरली की विसर्ग करावाच लागतो. धाम आणि बोर यांचेही पाणी शेवटी वणेतच येते. पुढे वर्धा नदी दुथडी वाहत असली तर तिच्यात मिसळू पाहणारे वणेचे पाणी थोपते आणि फुगवटा मागे सरकतो. अशा वेळी शहरातून नदीकडे जाणाऱ्या नाल्यांची तोंडे बुडतात. नाल्याचे पाणी नदीत जात नाही, उलट नदीचे पाणी नाल्यात चढते, आणि वर पाऊस सुरूच असतो. म्हणून नदीपासून अर्धा किलोमीटर दूर असलेल्या, नदी दिसतही नसलेल्या गल्लीत कमरेएवढे पाणी भरते. घर घेताना नदी किती लांब आहे हे सगळे विचारतात. नाला किती लांब आहे हे विचारणारा क्वचितच भेटतो.

दाटीचा परिणाम इथे सुरू होतो. नाल्याच्या काठावर कोणी संडास बांधतो, कोणी त्यावर स्लॅब टाकून अंगण वाढवतो. नवे घर बांधणारा मुरमाचा भरणा करून जोते शेजाऱ्यापेक्षा दोन फूट वर घेतो, कारण शहाणपण तेच सांगते. पण त्याच्या जागेवर पूर्वी साचणारे पाणी आता शेजारच्या जुन्या घरात जाते. मग शेजारी भरणा करतो. गल्लीचा रस्ताही दर काही वर्षांनी थरावर थर चढून उंच होतो आणि एकेकाळी तीन पायऱ्या चढून ज्यात जावे लागे ते घर रस्त्याच्या खाली जाते. विकत घेताना आपण आपली चार भिंतींची जागा पाहतो. पाण्याची वाट मात्र सगळ्या गल्लीची मिळून ठरते आणि तिच्यावर आपला एकट्याचा इलाज चालत नाही. त्यात गल्ली इतकी अरुंद की रात्री बोट आत नेणे कठीण, सेप्टिक टँक एकमेकांना लागून, आणि पाणी ओसरल्यावर विहिरी व बोअर घाण झालेले. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे नागपुरात अंबाझरी तलावाच्या खालच्या, चांगल्या म्हणवल्या जाणाऱ्या वस्त्यांतही नाग नदी घराघरांत शिरली होती. पैसा असलेल्यांना ते टळले नाही, तर वणेकाठच्या गल्लीत काय होईल?

आता कागदांविषयी. आपल्याकडे खरेदीआधी सातबारा पाहतात, फेरफार पाहतात, शोध अहवाल काढतात. शहरात आखीव पत्रिका पाहतात. जुन्या भागात जागा नझूलची आहे का, भाडेपट्टा कधी संपतो, वर्ग-2 ची वर्ग-1 झाली का, हेही पाहायला हवे. विदर्भात या एका मुद्द्यावर अनेकांची आयुष्यभराची पुंजी अडकली आहे. नगरपरिषदेच्या घरटॅक्सची पावती मालकीचा पुरावा नाही, हे वकील सांगतात आणि तरीही लोक तिच्यावर व्यवहार करतात. पण समजा, हे सगळे कागद चोख निघाले. त्यांतला एकही कागद पाणी कुठवर येते हे सांगत नाही. सातबाऱ्यावर पूररेषा नसते. गुंठेवारी नियमित झाल्याचा दाखला मिळाला तरी जमीन इंचभरही वर येत नाही.

ती चौकशी वेगळी करावी लागते. राज्याच्या जलसंपदा खात्याच्या पद्धतीनुसार निळी पूररेषा साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळ्या रेषेच्या आत घरे बांधणे निषिद्ध. दोन रेषांच्या मध्ये बंधने पाळून, लाल रेषेच्या पातळीच्या वर जोते ठेवून. ‘25 वर्षांतून एकदा’ ऐकून माणूस निर्धास्त होतो. पण दरवर्षी शंभरात चार अशी ती शक्यता आहे आणि 20 वर्षांच्या गृहकर्जाच्या काळात असा पूर निदान एकदा येण्याची शक्यता निम्म्याहून जास्त भरते. लाल रेषेच्या पुराचीही ती सुमारे 18 टक्के आहे. नगररचना कार्यालयातून विकास योजनेचा भाग नकाशा आणि झोन दाखला घ्यावा, पूररेषा आखलेली असेल तर प्लॉट तिच्या कोणत्या बाजूला आहे ते लेखी मागावे. आखलेली नसेल तर गल्लीतल्या सर्वांत जुन्या घरी जाऊन 2022 मध्ये पाणी कुठवर चढले ते भिंतीवर दाखवायला सांगावे. ले-आऊटवाल्याला विचारू नये.

काळ्या मातीचेही एक सांगायला हवे. पावसात ती फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते, आणि पुराखाली मुरल्यानंतर ही हालचाल वाढते. मुरूम लागेपर्यंत पाया न नेलेल्या घराच्या भिंतींना दारा-खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरप्या चिरा पडतात. जुने घर घेताना नुकताच रंग दिला असेल तर त्या चिरांचा शोध जास्त बारकाईने घ्यावा.

घर गेलेच तर सरकार देते ती मदतही माहीत असावी. 2022 ते 2026 या काळासाठीच्या निकषांनुसार सपाट प्रदेशातले पक्के घर पूर्ण पडले तर 1 लाख 20 हजार रुपये, आणि त्यातही घर अधिकृत बांधकाम असल्याची सक्षम अधिकाऱ्याची खातरजमा हवी. ज्यांनी परवान्याशिवाय, तुकडा प्लॉटवर, नोटरीच्या कागदावर घर उभारले ते इथेच अडतात, आणि नदीकाठी तेच जास्त आहेत. पुराचे संरक्षण देणारा भारत गृह रक्षा हा प्रमाणित विमा 2021 पासून उपलब्ध आहे. कर्ज देणारी बँक आग्रह धरते तिथे तो उतरवला जातो, बाकी घरे उघडीच राहतात.

म्हणून ही सावधगिरी एकट्या खरेदीदारावर सोडून चालणार नाही. ज्याच्याकडे दोन लाख रुपये आहेत आणि भाड्याच्या खोलीतून निघायची घाई आहे, तो झोन दाखल्यासाठी चार चकरा मारणार नाही. नगरपरिषदेने 2022 च्या पाण्याची पातळी प्रत्येक सखल गल्लीत खांबावर ठळक रंगवावी. नव्या ले-आऊटच्या मंजूर नकाशावर निळी आणि लाल रेषा छापल्याशिवाय तो नकाशा कोणाला दाखवू देऊ नये, आणि दुय्यम निबंधकाकडे विक्रीपत्रासोबत तो नकाशा जोडणे सक्तीचे करावे. हे सगळे पुढच्या एप्रिलच्या आधी व्हायला हवे.