मूल सांभाळायला बाई हवी, पण वाडी कोणती?



मालवण, कुडाळ, कणकवली, सावंतवाडी इथे नवरा-बायको दोघेही नोकरीला जाणारी घरे आता पुष्कळ झाली. त्यांची लेकरे सांभाळायला आपल्या वाड्यांतल्या कितीतरी भगिनी जातात. कोणी म्हापसा-पणजीला, तर कोणी मुंबईला. काम मागायला आलेल्या बाईला विचारावे की, पोराला ताप आला तर काय कराल? पण पहिला प्रश्न येतो, ‘तुमची वाडी खयची?’

याचे कारण उघड आहे. कदम, जाधव, पवार ही आडनावे कोकणात मराठ्यांतही आहेत आणि आपल्यातही. आडनावाने जात कळत नाही, मग वाडी विचारतात. ‘बौद्धवाडी’ म्हटले की उत्तर मिळते, ‘नंतर कळवतो.’ डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. वाडीची पाटी बदलेल, पण मनातल्या पाटीचे काय?

म्हणून काही भगिनी जात लपवतात. आम्ही त्यांना दोष देत नाही, पोट कोणाला चुकले आहे? पण यातला धोका ओळखा. २०१७ साली पुण्यात हवामान खात्यातील एका वरिष्ठ शास्त्रज्ञ बाईंनी आपल्या स्वयंपाकिणीविरुद्ध पोलिसांत तक्रार केली. तिने ब्राह्मण असल्याचे भासवून सोवळ्याचा स्वयंपाक केला, असा आरोप होता. गुन्हा नोंदला गेला तो जात विचारणाऱ्यावर नव्हे, तर राबणाऱ्या बाईवर! राज्यभर टीका झाली, तेव्हा कुठे तक्रार मागे घेतली गेली.

कायदा काय म्हणतो? राज्यघटनेचे कलम १६ सरकारी नोकरीपुरते आहे. खाजगी घराने धर्म पाहून बाई निवडली, तर तेवढ्यावरून शिक्षा करणारा वेगळा कायदा देशात नाही. पण कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली आहे, आणि ते घरमालकालाही लागू आहे. १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्याने अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणाला कामधंद्यापासून अडवणे हा गुन्हा ठरवला आहे. असे कृत्य अनुसूचित जातीच्या माणसाबाबत घडले, तर ते अस्पृश्यतेपोटीच झाले असे न्यायालय धरून चालते. तसे नव्हते हे आरोपीने सिद्ध करायचे असते. १९९० पासून बौद्धांनाही अनुसूचित जातीचा दर्जा आहे, म्हणून १९८९ चा अट्रॉसिटी कायदाही आपल्या पाठीशी आहे. जातीचा दाखला मात्र काढून ठेवा.

एक अडचण ध्यानात ठेवा. जातीवरून केलेला अपमान लोकांदेखत झालेला असावा लागतो. चार भिंतींच्या आत, बाहेरचे कोणी नसताना झालेला अपमान या कलमात बसत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये एका खटल्यात सांगितले. मूल सांभाळणारीचे सारे काम तर चार भिंतींतच! म्हणून कोण काय बोलले, कधी बोलले, कोण हजर होते, हे त्याच दिवशी लिहून ठेवा. फोनवरचे निरोप पुसू नका. स्त्रियांना आणि अनुसूचित जातीच्या व्यक्तींना मोफत वकील मिळतो. त्यासाठी ओरोसला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, किंवा १५१०० वर फोन करा. घरेलू कामगार कल्याण मंडळात नावही नोंदवा.

आता थोडे आपल्या घराकडे पाहू. आपल्या लेकी आज शिक्षिका आहेत, परिचारिका आहेत. त्यांनाही बाळ सांभाळायला बाई लागते. दारात मातंग, चर्मकार किंवा मुसलमान भगिनी आली, तर आपण काय विचारणार? ‘घरात सुके मासे शिजतात, चालेल ना?’ हे जरूर विचारावे, तो कामाचा प्रश्न आहे. पूर्वी कुठे काम केले, पगार किती, सुट्टी कधी, हेही बोलून घ्यावे. पण जात-धर्म विचारून तिला परत पाठवले, तर बाबासाहेबांची बावीस प्रतिज्ञांतली समता आपल्या उंबऱ्याबाहेरच राहिली म्हणायची.

तान्ह्या लेकराला जात कळत नाही, त्याला मायेचा हात कळतो. भगिनींनो, आपला हात स्वच्छ आहे आणि आपला धम्मही. दोन्ही लपवण्याचे कारण नाही.

जयभीम!