दाराशी आलेले आजारी मांजर

शहादा तालुक्यातील ब्राह्मणपुरीसारख्या गावात धान्याच्या पेढीवर एखादे मांजर असतेच. पोत्यांच्या थप्पीमागे ते निजते. उंदरांचा बंदोबस्त होतो म्हणून त्याला कोणी हुसकत नाही. मात्र त्याच मांजराच्या हिरड्या सुजल्या, खाणे सुटले आणि चाव्याची जखम महिनाभर भरेना झाली, की ते कोणाचेच उरत नाही. अशा वेळी घरातील एखादी सून किंवा शाळकरी मुलगा त्याला टोपलीत घालून पशुवैद्याकडे नेतो. रक्ताची चाचणी होते आणि 'एफआयव्ही' हा अपरिचित शब्द घरात येतो. या जीवाला आश्रय द्यावा काय, हा प्रश्न मग सर्व कुटुंबाचा होतो.

प्रथम भीती दूर व्हावयास हवी. हा विषाणू 1986 मध्ये कॅलिफोर्नियात ओळखला गेला. तो मांजराची रोगप्रतिकारशक्ती हळूहळू क्षीण करतो. परंतु माणसाला, कुत्र्याला किंवा गाई-म्हशींना त्याची बाधा होत नाही. मांजरांतही तो मुख्यतः भांडणातील खोल चाव्यातून पसरतो. रोग समूळ बरा होत नाही, तरीही योग्य निगा राखल्यास असे मांजर अनेक वर्षे सुखाने जगते. सहा महिन्यांहून लहान पिल्लाच्या रक्तात आईकडून आलेली प्रतिपिंडे असू शकतात. त्यामुळे त्याची चाचणी पुढे पुन्हा करून घ्यावी लागते. निगा म्हणजे काय? मांजराला घरातच ठेवणे, निर्बीजीकरण करून घेणे, वर्षातून दोनदा पशुवैद्याला दाखवणे, वजनावर आणि तोंडावर लक्ष ठेवणे व साधी जखमही अंगावर न काढणे.

श्रावकाच्या घरात मात्र खरी अडचण रोगाची नसून आहाराची असते. मांजर निसर्गतः मांसाहारी आहे. टॉरिन नावाचा घटक त्याचे शरीर पुरेसा तयार करू शकत नाही आणि धान्य-भाजीत तो जवळजवळ नसतो. त्याच्या अभावी मांजराची दृष्टी जाते. हृदयाचे स्नायूही दुर्बळ होतात, हे 1987 मध्ये कॅलिफोर्नियातीलच संशोधकांनी दाखवून दिले. दूध-भात घालून मांजर पोसले, असे समाधान अनेक घरांत मानले जाते. वस्तुतः बहुतेक मोठ्या मांजरांना दूध नीट पचतही नाही. आधीच क्षीण झालेल्या जीवाला अशा आहारावर ठेवणे म्हणजे त्याचे आयुष्य आपल्या हातांनी कमी करणे होय.

शास्त्रकारांनी या पेचाच्या दोन्ही बाजू पाहिल्या आहेत. पंधरा कर्मादानांत 'असतीपोषण' येते. उपजीविकेसाठी हिंस्र प्राणी पोसणे त्यात निषिद्ध मानले आहे. उंदीर मारावेत म्हणून वखारीत मांजर ठेवणाऱ्या व्यापाऱ्याने यावर जरूर विचार करावा. दुसरीकडे, अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगताना तत्त्वार्थसूत्राने बांधणे, मारणे, अवयव छेदणे व अतिभार लादणे यांच्या जोडीला आश्रिताचे अन्नपाणी रोखणे हाही दोष गणला आहे. एकदा जीव आश्रयास घेतला की त्याला लागणारे अन्न न देणे हा दयेचा प्रकार ठरत नाही. 1960 चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदाही पाळीव प्राण्याला पुरेसे अन्न न देणे आणि त्याला सोडून देणे हे गुन्हेच मानतो.

दिल्लीला लाल किल्ल्यासमोर, लाल मंदिराच्या आवारात जैन समाजाचे पक्ष्यांचे धर्मादाय रुग्णालय आहे. शाकाहारी पक्ष्यांना तेथे दाखल करून घेतात. घार, ससाणा यांसारख्या मांसभक्षी पक्ष्यांना निवासी ठेवत नाहीत, पण त्यांच्यावर बाहेरच्या बाहेर उपचार केले जातात. आपली मर्यादा मान्य करूनही जखमी जीवाला विन्मुख न पाठवण्याची ही रीत प्रत्येक घराला उपयोगी पडावी.

त्यानुसार कुटुंबापुढे दोन मार्ग राहतात. घरातील सर्वांची, विशेषतः वडीलधाऱ्यांची, संमती असेल तर पशुवैद्याच्या सल्ल्याने तयार संतुलित खाद्य, वेगळी भांडी आणि स्वयंपाकघरापासून दूर अशी जागा ठरवावी. टॉरिन मिसळलेले वनस्पतिजन्य खाद्य द्यावयाचे मनात असल्यास तेही केवळ पशुवैद्याच्या देखरेखीखाली, वजन व रक्त तपासत द्यावे. असे मांजर घराबाहेर जात नसल्याने चिमण्या, पाली आणि उंदीर यांची शिकारही टळते. रोगासाठी घातलेले बंधन इतर जीवांनाही अभय देते. निर्बीजीकरणाविषयी मनात शंका असल्यास शस्त्रक्रियेचा हेतू आणि तिने टळणारी भांडणे गुरुजनांपुढे मांडून त्यांचा अभिप्राय घ्यावा.

मांसयुक्त खाद्य घरात आणणे ज्यांच्या मनाला पटत नाही, त्यांनी संकोच न बाळगता तसे स्पष्ट सांगावे. त्या मांजराची चाचणी, शस्त्रक्रिया व औषधे यांचा खर्च उचलावा आणि ते सांभाळू शकणारे दुसरे घर शोधून द्यावे. ही अनुकंपा मुळीच कमी प्रतीची नाही. आठवडाभर कौतुक करून आजारी मांजर पुन्हा बाजारात सोडण्यापेक्षा ती कितीतरी श्रेष्ठ आहे.

घरात ठेवायचे ठरले तर निर्णयाआधी एका कागदावर काही नावे लिहून काढावीत: औषध कोण देणार, शहाद्याला किंवा धुळ्याला दाखवायला कोण नेणार, यात्रेला अथवा लग्नसराईत घर बंद असताना कोण पाहणार. पेढीवर उधारी देताना व्यापारी परतफेडीची मुदत आधी विचारतो. येथे मुदत बारा-पंधरा वर्षांचीही असू शकते. ती नावे भरली गेली, म्हणजे मगच टोपली उंबरठ्याच्या आत घ्यावी.