रस थंड आहे, पण ताजा आहे का?

रसवंतीवर ग्राहकाचा पहिला प्रश्न असतो, 'बर्फ आहे ना?' खरं तर विचारायला हवं, 'रस कधी काढला?'

बर्फ वितळणं, मीठ पाण्यात विरघळणं हे भौतिक बदल. पाणी पुन्हा गोठतं, ते आटवलं की मीठ परत मिळतं. उसाचा रस काळपट पडणं मात्र रासायनिक बदल आहे. ऊस पिळला की त्यातल्या एन्झाइमची हवेतल्या ऑक्सिजनशी गाठ पडते आणि रसातल्या फिनॉलिक घटकांपासून तपकिरी रंगद्रव्यं तयार होतात. सोबत सूक्ष्मजीव साखर आंबवू लागतात. लिंबू आणि बर्फ हा वेग कमी करतात. झालेला बदल मागे फिरवत नाहीत.

स्वयंपाकघरातही हीच गल्लत होते. वडे तळून उरलेलं तेल गाळलं की स्वच्छ दिसतं. पण गाळणीत अडकतात ते फक्त जळके कण. उष्णता, हवा आणि ओलाव्यामुळे तयार झालेले ध्रुवीय घटक तेलातच राहतात. म्हणूनच 'एफएसएसएआय'ने १ जुलै २०१८ पासून त्यांच्यावर २५ टक्क्यांची मर्यादा घातली.

नियम आहे, पण घरातली कढई तपासायला कुणी येत नाही. शाळेत दोन गुणांसाठी पाठ केलेला हा धडा म्हणूनच ताटापर्यंत यायला हवा. रस डोळ्यांसमोर काढून घ्यावा आणि लगेच प्यावा. तेल काळं, दाट, फेसाळ झालं की गाळत न बसता ते बाद करावं. गारवा म्हणजे ताजेपणा नव्हे आणि गाळणं म्हणजे शुद्धीकरण नव्हे.