तारीख कोणाच्या गावात?



ट्रॅक्टरचे कर्ज देताना फायनान्सवाला सही केलेले कोरे चेक मागतो आणि आपण देतो. हप्ता थकला की तो त्यातला एक भरून आपल्या खात्यात टाकतो. चेक वटत नाही. मग समन्स येते. कंपनीचे खाते मुंबईत असेल, तर कोर्टही मुंबईचे. दर तारखेला गाडीभाडे, वकिलाची फी आणि बुडालेली मजुरी. कर्जाचा हिशेब तपासला जाण्याआधीच शेतकरी हरतो.

हे आपोआप झालेले नाही. दशरथ रूपसिंग राठोड विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात सुप्रीम कोर्टाने 2014 साली सांगितले, की चेक ज्या बँकेवर काढला आणि जिथे परत गेला, तिथेच खटला चालेल. म्हणजे बहुधा कर्जदाराच्या जिल्ह्यात. घेणेकऱ्यांनी ओरड केली. 2015 साली सरकारने आधी वटहुकूम आणि मग कायदा करून निकाल फिरवला. चेक खात्यात भरला असेल, तर घेणेकऱ्याचे खाते ज्या शाखेत, तिथले कोर्ट! चालू खटलेही तिकडे वळवले.

आता खटला बदलून हवा तर हायकोर्टात अर्ज करा. परराज्यात असेल तर सुप्रीम कोर्टात. अकोटच्या शेतकऱ्याने अकोटच्या कोर्टात उभे राहण्यासाठी आधी दिल्ली गाठायची!

इंग्रजालाही हे कळले होते. 1875 साली पुणे-नगरकडे सावकारांविरुद्ध दंगे झाले. त्यानंतरच्या 1879 च्या दख्खन शेतकरी कायद्यात, शेतकऱ्यावरचा कर्जाचा दावा तो राहतो तिथल्याच कोर्टात चालावा, अशी तरतूद होती. गोऱ्या सरकारने दिले ते आपल्या सरकारला का देता येऊ नये?

तोवर सावध राहा. कोरा चेक देऊ नका. द्यावाच लागला तर रक्कम व तारीख लिहा, झेरॉक्स ठेवा. चेक परत गेल्याची नोटीस मिळाली की 15 दिवसांची मुदत असते, ती वाया घालवू नका. समन्स कोनाड्यात ठेवू नका. गैरहजर राहिले तर वॉरंट निघते आणि कलम 138 खाली 2 वर्षांपर्यंत कैद आहे.

या मेळाव्यात ठराव एकच: शेतकऱ्यावरचा कर्जाचा कोणताही खटला त्याच्याच जिल्ह्यात चालला पाहिजे. हिशेबाला आम्ही भीत नाही. कर्ज द्यायला तुम्ही आमच्या बांधावर आला होता, आता हिशेब घ्यायलाही इथेच या.